अंगठ्यांची कमान

बाबांचा शेवटचा साधा दिवस शुक्रवार होता. सकाळी त्यांनी नेहमीसारखा चहा केला, चमचा उभा राहील इतका कडक, आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घे. चोरलेला नाहीये."

हा विनोद ते रोज करत. मी रोज हसत नसे. त्या दिवशीही हसले नाही.

बाहेर अंगणात डिनी लूबी पेंढ्यात विटा गुंडाळत बसला होता. डिनी बाबांचा भट्टीवरचा जुना सोबती; आयरिश, दातांनी थोडा, जिभेनं पुष्कळ. त्या विटा मेलबर्नच्या प्रदर्शनात कमान उभारायला जायच्या होत्या. प्रदर्शन ऑगस्टमध्येच उघडलं होतं आणि आता सप्टेंबर चालू होता, पण त्यात आमच्या बरंगूल गावाचा दोष नव्हता. कमानीवर "श्रम आणि प्रगती" लिहायचं की "प्रगती आणि श्रम", यावर गावच्या समितीचा अख्खा हिवाळा गेला होता. शेवटी प्रगती पुढे गेली, कारण तिच्या बाजूला पिठाच्या गिरणीचे मालक क्रेलसाहेब होते.

प्रदर्शन शंभरीचं होतं. शंभर वर्षांपूर्वी सिडनीच्या खाडीत अकरा गलबतं येऊन लागली, त्याची ही शंभरी. घटना सिडनीची, पण सोहळा मेलबर्नमध्ये, कारण मेलबर्नपाशी पैसा होता आणि सिडनीपाशी नुसता इतिहास, तोही अडचणीचा. लग्न शेजाऱ्याचं आणि मांडव आमच्या दारात. त्या गलबतांतून कोण उतरलं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. निमंत्रणपत्रिका झाल्या, सोहळ्याचं गीत झालं, पदकांचे साचे झाले; त्यात "कैदी" हा शब्द कुठेही नव्हता. गलबतं जणू हवापालटाला आली होती.

आमची व्हिक्टोरिया वसाहत तर स्वतःला अगदी सोवळी समजे. कैदी आले ते सिडनीत आणि सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर, आमच्याकडे नाही, असं आम्ही शाळेतल्या मुलांना शिकवत असू. मीही शिकवत असे. माझी स्वतःची मुलींची छोटी शाळा होती आणि समितीतल्या बहुतेकांच्या मुली माझ्याकडे यायच्या. बेटावरून सुटलेले लोक इकडे सोनं सापडलं त्या दिवसांत रात्रीतून इकडे आले आणि गुपचूप आमच्यात मिसळून गेले, हा धडा पुस्तकात नव्हता. पुढे त्या बेटानंच स्वतःचं नाव बदललं. बाबा म्हणत, "अख्ख्या बेटाला नाव बदलता येतं, तर माणसाला गप्प बसायला काय हरकत आहे?"

नऊच्या सुमाराला क्रेलसाहेब आले. गिरणीच्या घरघरीनं त्यांचा एक कान कधीच गेला होता आणि दुसरा ते फक्त टाळ्यांसाठी राखून ठेवत. बरोबर समितीचे चिटणीस होते, हातात कागद आणि पेन्सिल.

"पार्ड्यू," क्रेलसाहेब म्हणाले, "तुमच्या बोटीचं नाव हवंय. कमानीच्या पाटीवर घालायचंय. आद्य वसाहतकार ईनॉक पार्ड्यू, अमुक बोटीनं आले."

"बोट होय?" बाबांनी मान खाजवली. "नाव काही आठवत नाही साहेब. मी सगळा वेळ खालीच होतो."

"काय? मोठ्यानं!"

"खाली होतो, खाली!"

"अरेरे. बोट लागली वाटतं?"

"अशी लागली की सात वर्षं उतरली नाही."

डिनीला पेंढा नाकात गेल्यासारखा ठसका लागला.

"स्वखर्चानं आलात ना?"

"छे हो. खर्च सगळा सरकारचा."

"म्हणजे सरकारनं पाठवलेले कारागीर!" क्रेलसाहेबांचा चेहरा उजळला. "त्या वेळी तर पारखून माणसं घेत असत."

"घेतलं ना पारखून," बाबा शांतपणे म्हणाले. "बारा जण बसले होते. एकमतानं झालं."

"लिहा, लिहा," क्रेलसाहेब चिटणीसांना म्हणाले. "बारा जणांच्या मंडळानं एकमतानं निवड केली."

चिटणीसांनी लिहिलं. मी खिडकीत उभी होते. त्या बारा जणांना न्यायालयात ज्यूरी म्हणतात, हे त्या अंगणात तिघांना माहीत होतं आणि दोघांना नव्हतं, आणि लिहून घेणारे नेमके ते दोघं होते.

मग अंगठ्याचा विषय निघाला. बाबांच्या प्रत्येक विटेवर, कच्ची असतानाच, अंगठ्याचा ठसा असे. साचा काढला की त्यांचा उजवा अंगठा आपोआप खाली जाई. बरंगूलचं टपालघर, चर्च, क्रेलसाहेबांची गिरणी, सगळी त्या अंगठ्यावर उभी होती. समितीनं ठरवलं होतं की हीच गावाची मुद्रा. झेंड्यावर अंगठा काढायला चित्रकार लावला. पहिल्या चित्रात तो बटाट्यासारखा दिसला. दुसरं मिसेस क्रेलना असभ्य वाटलं. तिसऱ्यात त्याच्याभोवती गव्हाच्या लोंब्या घातल्या, तेव्हा कुठे तो अंगठा घरंदाज झाला.

"ही तुमच्याकडची जुनी रीत असणार," क्रेलसाहेब एक वीट हातात घेऊन म्हणाले. "स्वतंत्र कारागिराची सही! माझ्या भाषणात हे वाक्य आहे."

"रीत जुनी आहे," बाबा म्हणाले. "सहीच म्हणा."

ते गेल्यावर डिनी म्हणाला, "ईनॉक, लेका, तुला फाशी द्यायला हवी होती. काळ्या पाण्यानं तुझं काहीच बिघडलं नाही."

"आणि तुझं?"

"माझे दात बिघडले."

उरलेला दिवस विटा गुंडाळण्यात गेला. कुंपणापाशी वॉटलच्या झाडाला पिवळी फुलं आली होती आणि मॅगपाय पक्षी डिनीच्या टकलावर झडप घालत होता, कारण त्याचं घरटं जवळ होतं आणि डिनी शिव्या देत होता म्हणून तो आणखी चेकाळत होता. दुपारी आम्ही थंड मटण आणि पाव खाल्ला. विशेष काही झालं नाही. मी पुन्हा पुन्हा तो दिवस चाचपून बघते, पण विशेष काही झालं नाही.

संध्याकाळी बाबा पायरीवर बसले. मी शेजारी.

ठशाची खरी गोष्ट त्यांनी मला मी मोठी झाल्यावर एकदाच सांगितली होती. ते बारा वर्षांचे असताना लंडनच्या एका खानावळीच्या खिडकीतून त्यांनी तांब्याची किटली उचलली. ती नुकतीच उतरवलेली होती, आत चहा होता, आणि चहा ओतून टाकायची बुद्धी त्यांना झाली नाही. किटली पोटाशी धरून ते पळत सुटले आणि चहा सांडत गेला. शिपायाला त्यांच्यामागे धावावंही लागलं नाही. तो ओल्या रेघेवरून निवांत चालत आला. सात वर्षं. बेटावर पोरांसाठी वेगळा तुरुंग होता आणि तिथं विटा पाडायला लावत. प्रत्येक पोरानं आपल्या विटेवर अंगठा दाबायचा. भट्टीतून वीट तडकून निघाली की मुकादम अंगठे जुळवून बघे आणि त्या पोराला वेत बसत. तो तो अंगठा.

"मग सुटल्यावर का दाबत राहिलात?" मी तेव्हा विचारलं होतं.

"मला सुटल्याचं सांगितलं," ते म्हणाले होते. "हाताला कुणी सांगितलंच नाही."

त्या संध्याकाळी पायरीवर ते म्हणाले, "विनी, मेलबर्नला मी बोलणार आहे."

"क्रेलसाहेब बोलणार आहेत ना?"

"त्यांचं झालं की मी. सांगून टाकणार आहे. किटली, बेड्या, अंगठा, सगळं."

ते हसले.

"असं बघ. शंभरीची मेजवानी आहे. ज्यांच्या नावानं जेवण, त्यांचं नाव तरी घ्यावं की नको? निदान एकाचं. मला पदक नको. मला फक्त एकदा ते मोठ्यानं बोलायचंय, आणि आजूबाजूला दिवे लागलेले असताना. सगळं आयुष्य मी ते भट्टीमागे बोललो, डिनीशी."

"आई असती तर?"

"तुझ्या आईनं मला पोळी लाटायच्या लाटण्यानं हाणलं असतं."

आई कट्टर चर्चवाली. घरात "कैदी" हा शब्द उच्चारायला तिनं बंदी घातली होती. बोलायची वेळ आलीच तर ती "तुझ्या वडिलांचा प्रवास" असं म्हणे. आमच्या गावात प्रत्येक घरात अशी एक बोट होती जिचं नाव कुणी घेत नसे, आणि म्हणून दुसऱ्याच्या बोटीचं नाव सगळे विचारत.

"तू म्हटलायस का कधी तो शब्द?" बाबांनी विचारलं. "माझ्याबद्दल?"

"नाही."

"म्हणून बघ कधीतरी. जड नाही. बेडीपेक्षा पुष्कळ हलका." मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "उद्या म्हणू. आता गारठा पडलाय."

शनिवारी सकाळी मला जाग आली तेव्हा घरात चहाचा वास नव्हता. मी बराच वेळ तशीच पडून राहिले. बाहेर जाऊन बघायच्या आधीच मला कळलं होतं.

*

समितीला फार दुःख झालं, आणि त्याचबरोबर, मला वाटतं, थोडी सोय झाली. जिवंत आद्य वसाहतकाराला खोकला असतो, त्याला आगगाडीचं भाडं लागतं, आणि तो ऐनवेळी काय बोलेल याचा नेम नसतो. मेलेला माणूस चौकटीत नीट बसतो. क्रेलसाहेबांनी कमानीला काळी फीत लावायचं सुचवलं. चिटणीसांनी आठवण करून दिली की काळा रंग "प्रगती"शी जुळत नाही. मग जांभळी ठरली.

दफनाच्या वेळी क्रेलसाहेब माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मिस पार्ड्यू, बरंगूलचा आधारस्तंभ गेला." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली, "कमानीपाशी दोन शब्द तुम्हीच बोला. कन्येच्या तोंडून लोकांना भिडतं. काय बोलायचं ते आम्ही लिहून देऊ. तुम्हाला त्रास नको."

त्यांनी दिलं ते चार वाक्यांचं होतं. माझे वडील स्वेच्छेनं या भूमीवर आले. बारा जणांच्या मंडळानं त्यांना एकमतानं निवडलं. स्वतंत्र श्रमाचा अंगठा त्यांनी या वसाहतीवर उमटवला. त्यांची कन्या हा वारसा बरंगूलच्या मुलींना शिकवत आहे.

"शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय," मिसेस क्रेल प्रेमानं म्हणाल्या. "शाळेलाही बरं. लोक कुठं मुली पाठवतात, ते शेवटी घराणं बघूनच ना?"

मी कागद घेतला. वाचता येतं त्याला नाही म्हणणं कठीण जातं. आपण आधी वाचतो, मग वाक्यरचनेत काय चुकलंय ते बघतो, आणि तोवर समोरचा आभार मानून गेलेला असतो.

*

मेलबर्नला मी आणि डिनी गेलो. डिनीनं बाबांचा कोट घातला होता. मीच दिला होता. त्याला तो खांद्यात मोठा होत होता.

प्रदर्शनाच्या इमारतीत विजेचे दिवे लागले होते, दिवसासुद्धा. प्रत्येक गावानं आपल्याकडे जे जास्त होतं त्याचं काहीतरी उंच उभारलं होतं. साबणाचा किल्ला होता, मेणबत्त्यांचं देऊळ होतं, लोकरीच्या गाठींचा डोंगर होता आणि बिस्किटांचा मनोरा होता, त्याच्या तळाच्या मजल्याला उंदीर लागले होते. शेजारच्या मुंडारा गावानं एवढं मोठं चीज पाठवलं होतं की ते दारातून आत येताना भिंतीचा गिलावा निघाला. ऑगस्टपासून ते उभं होतं. त्याच्यापुढे चांगली चांगली माणसं नाकाला रुमाल लावून देशप्रेमानं उभी होती.

"याला पदक मिळालंय," डिनी पाटी वाचून म्हणाला. "त्या साबणालाही. आणि त्या उंदरांच्या बिस्किटाला. पोरी, पदक न मिळालेलं इथे काही आहे का गं?"

"तू आणि मी."

"थांब, दिवस मावळायचाय अजून."

आमची कमान चीज आणि शेतीच्या पंपांच्या मधे होती. चांगली कमान होती. विटा एकसारख्या, सांधे बारीक, आणि प्रत्येक विटेवर तो अंगठा, वर जाऊन पुन्हा खाली येणारा. त्यावर "प्रगती आणि श्रम". त्याखाली पितळी पाटी: बारा जणांच्या मंडळानं एकमतानं निवडलेले. एक गृहस्थ ती पाटी वाचून आपल्या मुलाला म्हणाले, "बघ, तेव्हा निवड किती कडक होती."

"फार कडक," डिनी मागून म्हणाला.

मग तो माझ्याजवळ सरकला. बाबांच्या कोटाला अजून तंबाखूचा वास येत होता.

"तो तुला काही बोलला होता? त्या रात्री?"

"आज काय सांगणार होते ते बोलले."

डिनीनं तोंड पुसलं. "मलाही बोलला होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या, गप बस, तुझ्या पोरीची शाळा आहे." मग तो म्हणाला, "वाचून टाक ते चार ओळींचं आणि घरी चल. त्याला आता कसली बेडी नि कसलं पदक."

"तुला तसं वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. काही बोललीसच, तर माझं नाव घेऊ नकोस हो. मला अजून जगायचंय त्या गावात."

बँड वाजला आणि क्रेलसाहेब पायरीवर चढले. आमच्या गावची माणसं पुढे होती, मागे मेलबर्नचे लोक, आणि त्यांच्यामागे चीज बघायला आलेले. मी माझ्या सहा विद्यार्थिनी मोजल्या, पांढऱ्या फ्रॉकांत, प्रत्येकीच्या छातीवर लोंब्यांतला अंगठा.

क्रेलसाहेब चांगलं बोलले. ते म्हणाले, शंभर वर्षांपूर्वी इथे कोणीच नव्हतं. त्या "कोणीच"पैकी दोघं, इथले मूळ रहिवासी, त्यांच्या गिरणीत पोती उचलायला होते, आणि त्यांच्या पूर्वजांची बोट कुठली असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. क्रेलसाहेब म्हणाले, या भूमीवर पहिलं पाऊल स्वातंत्र्याचं पडलं. टाळ्या. ते म्हणाले, जुन्या जगात माणसाच्या हाताला बेड्या असतात, इथे त्याचा अंगठासुद्धा मोकळा आहे. फार टाळ्या. कमानीच्या सावलीत डिनी बाबांच्या कोटाच्या गुंडीशी खेळत होता.

"आणि आता," क्रेलसाहेब म्हणाले, "त्यांची कन्या."

मी पायरीवर चढले. कागद उघडला. माझ्या खांद्याच्या उंचीला एक वीट होती, आणि तिच्यातला ठसा इतरांपेक्षा किंचित खोल होता. चिखल जास्त ओला असावा, किंवा त्या दिवशी बाबा घाईत असावेत. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. माणसं अशा वेळी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तिथे मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की बाबा "उद्या म्हणू" म्हणाले होते.

मी पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं. माझे वडील. तिथं थांबले. कागदावर पुढे "स्वेच्छेनं" होतं. मी कागदाची घडी केली.

"माझे वडील कैदी होते," मी म्हणाले.

आवाज लांब पोचला नाही. पुढच्या रांगेतल्या मिसेस क्रेलना ऐकू गेलं असावं, कारण त्यांचा पंखा थांबला. माझ्या सहा मुलींपैकी एकीनं मान वर केली. मागे लोक चुळबुळत होते, शेजारी पंपाचं प्रात्यक्षिक चालू होतं आणि पाणी जोरात पडत होतं.

क्रेलसाहेब हसतमुखानं माझ्याकडे झुकले. टाळ्यांसाठी राखलेला कान त्यांनी पुढे केला होता. हातानं त्यांनी पंपवाल्याला थांबायची खूण केली. पाणी थांबलं. बँडवाले गप्प झाले. एवढ्या मोठ्या इमारतीचा तो भाग एकदम शांत झाला, आणि वर सगळे दिवे लागलेले होते.

"मोठ्यानं, मिस पार्ड्यू!" ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाही!"

डिनीनं डोक्यावरची टोपी काढली.

"माझे वडील ईनॉक पार्ड्यू कैदी होते," मी म्हणाले. "चहानं भरलेली किटली चोरली म्हणून, बारा वर्षांचे असताना, बेड्या घालून त्यांना इकडे आणलं. हा अंगठा कैद्याचा आहे. विटा चांगल्या आहेत. एकही तडकलेली नाही."